साडेतीन सेंटिमीटरचा खड्डा

चष्मेवाल्यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी ब्लॉग सुरू केला, आणि याची संपूर्ण जबाबदारी त्यांच्या बायकोवर येते, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं.

चष्मेवाल्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं. आठवडाभर ते लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत आणि भिंगं बदलून बदलून "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" असं विचारत. रविवारी ते जलरंगात चित्रं काढत. चित्रकला कुठे शिकले नव्हते, त्यामुळे आत्मविश्वास शाबूत होता. तीन वर्षांत एकशे चाळीस चित्रं झाली. ती कपाटामागे गेली, पलंगाखाली गेली, वॉशिंग मशीनवर चढली. घरी कोणी आलं की चहाच्या आधी वीस आणि चहानंतर तीस चित्रं, असा शिरस्ता पडला. नातेवाईक आधी चहा नको म्हणायला लागले, मग यायचेच थांबले. चष्मेवाल्यांची सख्खी बहीण दारातूनच डबा देऊन "खाली रिक्षा थांबवलीय" असं खोटं बोलून पळाली, त्या दिवशी बायकोचा संयम सुटला.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि घरातही तिचा आवाज तासावरचाच असे.

"अहो, पृथ्वीवर आठशे कोटी माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना दाखवा की! आम्हा सात जणांच्याच मागे का लागता?"

"आठशे कोटींना बोलवायचं कुठे?"

"बोलवायचं नाही, हाच तर फायदा. ब्लॉग काढा. चित्र टाका, खाली चार ओळी लिहा. ज्याला बघायचंय तो बघेल, ज्याला पळायचंय तो पळेल, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

ब्लॉगचं नाव 'ओला रंग' ठरलं. पहिल्या सहा रविवारी सहा चित्रं चढली: किटली, किटली आणि लिंबू, नुसतं लिंबू, खिडकी, छत्री, आणि सहाव्या रविवारी पुन्हा किटली, कारण पहिलीची तोटी वाकडी आली होती. प्रत्येक चित्राला चार वाचक मिळाले. त्यातले तीन चष्मेवाले स्वतः होते, एकदा घरून, एकदा दुकानातून आणि एकदा जिन्यात मोबाईलवरून. चौथा कोण, या विचारात त्यांचे पंधरा दिवस फार आनंदात गेले. चौथ्या बाई होत्या. त्या ऱ्हस्वदीर्घ तपासत होत्या.

सातव्या रविवारी चष्मेवाल्यांनी दुकानाच्या दारात स्टूल टाकलं आणि समोर जे दिसलं ते काढलं.

समोर गटाराचं तोंड होतं. त्यावरचं लोखंडी झाकण अकरा महिन्यांपूर्वी नाहीसं झालं होतं. कोणा भल्या माणसाने त्यात एक मोडकी लाल खुर्ची उलटी खोचून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला चार पाय वर दिसावेत आणि त्याने आपले दोन सांभाळावेत. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. खड्ड्यातल्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा उतरला होता. चष्मेवाल्यांचा हात त्या दिवशी कधी नव्हे तो चालला. चित्र इतकं जमलं, की बाईंनी ते पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"मग कोणी?"

"चांगलं आहे हो," बाई नाइलाजाने म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी शीर्षक दिलं, 'आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा : एक अभ्यास', आणि खाली लाल रंगाबद्दल आठ ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना आयुष्यातला पहिला प्रतिसाद आला. तो असा होता:

'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. निवारणाची मुदत सात दिवस. नगर कार्यालय, समाजमाध्यम दक्षता कक्ष.'

नगर कार्यालयाने त्याच महिन्यात एक यंत्रणा बसवली होती. नागरिकांना तक्रार करण्याचेही कष्ट पडू नयेत, म्हणून ती इंटरनेटवर आपणहून हिंडायची आणि 'खड्डा', 'तुंबलं', 'अंधार' असे शब्द दिसले की परस्पर तक्रार नोंदवायची. पहिल्याच आठवड्यात तिने विरहावरच्या एकतीस कविता दिवाबत्ती विभागाकडे वर्ग केल्या होत्या.

चष्मेवाल्यांनी घाईघाईने कळवलं, 'ही तक्रार नसून चित्र आहे.' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'आपली पुरवणी तक्रार मूळ तक्रारीस जोडण्यात आली आहे.'

पाचव्या दिवशी नगर कार्यालयाचे कनिष्ठ अभियंता दुकानात आले. येताना त्यांनी खड्ड्याला सराईतपणे वळसा घातला, पायरीवर बूट झटकले आणि विचारलं, "खड्डा कुठाय?"

"हा काय, आत्ता तुम्ही चुकवलात तोच."

"तो नाही हो. तो आम्हाला ठाऊक आहे. तक्रारीतला दाखवा."

चष्मेवाल्यांनी भिंतीवर टांगलेलं चित्र दाखवलं. अभियंत्यांनी खिशातून टेप काढली, चित्रातल्या खड्ड्याला लावली आणि वहीत लिहिलं. "साडेतीन सेंटिमीटर. किरकोळ दुरुस्तीत बसतो. बुजवून टाका."

"चित्रातला?"

"मग? तक्रार नोंदली गेली त्या ठिकाणचाच दोष दूर करायचा, असा नियम आहे. ठिकाण म्हणून तुमच्या ब्लॉगचा पत्ता नोंदलाय. तिथला खड्डा गेला पाहिजे."

"पण साहेब, त्यापेक्षा बाहेर झाकण टाकलं तर?"

अभियंता खुर्चीत बसले. हा प्रश्न विचारणाऱ्याला समजावून सांगण्याची त्यांना सवय असावी. "हे बघा, झाकण मागवायचं तर माप लागतं. माप घ्यायला माणूस आत उतरवावा लागतो. आत माणूस उतरवायचा तर जागा सुरक्षित असल्याचा दाखला लागतो. आणि ज्याला झाकण नाही अशी जागा सुरक्षित आहे असा दाखला कोण देईल? तुम्ही द्याल?"

"नाही."

"मग! मीही देत नाही. अकरा महिने कोणीच देत नाहीये. तुमचं काम बघा किती सुटसुटीत आहे. एक ब्रश मारायचा."

"जलरंगात असं वरून बुजवता येत नाही. सगळा चिखल होतो."

"मग नवीन काढा. नाहीतर मला 'तक्रारदार सहकार्य करत नाही' असा शेरा मारावा लागेल. असा शेरा पडला, की पुढे दुकानाच्या पाटीचं नूतनीकरण वगैरे..." अभियंत्यांनी पाटीकडे प्रेमाने पाहिलं. "मी काही म्हणत नाही."

चष्मेवाल्यांनी रविवारची वाटही पाहिली नाही. त्याच जागी, त्याच उन्हात, झाकण बसवलेला रस्ता त्यांनी काढला. खुर्ची काढून टाकताना त्यांना जिवावर आलं, पण झाकणावरची नक्षी काढताना हळूहळू मन रमलं. बाजूला एक कुंडीही ठेवली. चित्र ब्लॉगवर चढलं आणि नगर कार्यालयाने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून 'आधी' आणि 'नंतर' म्हणून आपल्या पानावर टाकली. खाली लिहिलं, 'तक्रार ते निवारण : फक्त सहा दिवस.'

दुसऱ्या दिवशी 'ओला रंग'वर चार हजार एकशे बारा वाचक आले.

चष्मेवाल्यांनी आकडा आधी स्वतःच्या चष्म्यातून पाहिला, मग काउंटरवरच्या तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून पाहिला. आकडा हलला नाही. खाली प्रतिसादांची रांग लागली होती. 'अशा जागरूक नागरिकांची गरज आहे.' 'कामं होतात हो, आपणच बोलत नाही.' 'कुंडी कुठून घेतली?' एकाने तर लिहिलं होतं, 'परवाच तिथून गेलो, रस्ता एकदम झकास झालाय.'

"हा परवा तिथून गेला?" बाईंनी विचारलं.

"लिहिलंय तसं."

"अहो, पण खड्डा आहे तसाच आहे."

"अगं, त्याला रस्ता आवडला, हे महत्त्वाचं नाही का?" चष्मेवाले म्हणाले. चार हजार माणसांचं कौतुक अंगावर घेऊन खरं बोलणं सोपं नसतं. त्यांनी प्रयत्न करायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात अभियंत्यांचा फोन आला.

वाचनालयाच्या पायऱ्या मोडल्या होत्या. त्या चष्मेवाल्यांनी मंगळवारी दुरुस्त केल्या. गुरुवारी बसथांब्याचं छप्पर घातलं. शनिवारी बंद पडलेले सतरा दिवे लावले, पिवळा रंग थोडा कमी पडला म्हणून अठरावा तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्या एका दिव्याबद्दल नऊ तक्रारी आल्या. त्यांना ओळखपत्र मिळालं: 'मानद दुरुस्ती चित्रकार (जलरंग)'. गळ्यात ते अडकवून ते भाजी आणायलाही जात. ओळखीचे लोक थांबवून म्हणत, "आमच्या गल्लीकडेही बघा जरा, एक झाड तरी टाका." नातेवाईक परतले. सख्खी बहीण चहाआधी आपणहून म्हणाली, "नवीन काय काढलंस, दाखव ना." मग हळूच म्हणाली, "आमच्या इमारतीला रंग द्यायचा राहिलाय."

बघता बघता ही पद्धत रूढ झाली. शेजारच्या प्रभागाने आपला चित्रकार नेमला. तो तैलरंगात काम करायचा, आणि तैलरंगातली दुरुस्ती जास्त टिकते असा तिकडच्यांचा प्रचार होता. 'जलरंगातले रस्ते पावसात तग धरतील का?' यावर वर्तमानपत्रात पत्रं आली. नगर कार्यालयाने समिती नेमली. समितीने दोन्ही प्रकारची चित्रं तासभर नळाखाली धरली आणि निष्कर्ष काढला, की नागरिकांनी रस्ते कोरड्या जागी ठेवावेत.

हे सगळं छान चाललं असताना एका बुधवारी, शाळा सुटल्यावर, बाई खड्ड्यात पडल्या.

कारण साधं होतं. ती उलटी लाल खुर्ची नगर कार्यालयाने उचलून नेली होती. झाकण बसवलेल्या जागी खुर्ची असणं विसंगत दिसतं, असं कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. बाईंच्या दोन्ही हातांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. डावा पाय गेला, मागोमाग बाई गेल्या, आणि सातवी ब च्या नद्या पाण्याला मिळाल्या.

चष्मेवाले धावले. शेजारच्या दुकानातले औषधवाले धावले. दोघांनी मिळून त्यांना वर काढलं. पाय मोडला होता. बाई रडल्या नाहीत. फक्त नवऱ्याच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "झाकणावरची नक्षी सुरेख होती हो तुमची."

प्लास्टर घालून झाल्यावर बाई तडक नगर कार्यालयात गेल्या. चष्मेवाले त्यांच्या कुबड्या धरून मागे उभे राहिले. अभियंत्यांनी फाईल उघडली, मिटली आणि फार अदबीने म्हणाले, "बाई, अपघात झाला याचं वाईट वाटतं. पण त्या ठिकाणी खड्डा नाही."

"मी त्यात पडलेय."

"तसं दिसत नाही. हे बघा, तक्रार बंद. सोबत पुरावा. सही तुमच्या मिस्टरांची आहे." त्यांनी चित्र पुढे सरकवलं. "सपाट रस्त्यावर निष्काळजीपणे चालताना पाय मुरगळला, असं लिहून देत असाल तर घेतो."

"निष्काळजीपणे? मी चोवीस वर्षं भूगोल शिकवतेय. उंचसखल मला कळतं!"

"बरं, एक विचारू?" अभियंत्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आत होतात तेव्हा, आतला व्यास साधारण किती वाटला? आम्हाला ते माप कधी मिळालंच नाही."

बाईंनी कुबडी मागितली. चष्मेवाल्यांनी प्रसंग ओळखून दिली नाही.

घरी आल्यावर चष्मेवाले ओळखपत्र काढून बाईंजवळ बसले. बाईंचा पाय उशीवर होता. दर दोन मिनिटांनी मोबाईल वाजत होता आणि नव्या बसथांब्याचं कौतुक येत होतं. शेवटी ते उठले, रंग काढले आणि खड्डा पुन्हा काढला. या वेळी खुर्ची नव्हती. नुसतं काळं तोंड, पाण्यावर तरंगणाऱ्या उत्तरपत्रिका आणि कडेला एक प्लास्टर घातलेला पाय. खाली त्यांनी लिहिलं, 'हा खड्डा कधीच बुजला नव्हता. पायऱ्या, छप्पर, दिवे, काहीच झालेलं नाही. मी खोटी चित्रं काढली. मला तुमचं कौतुक आवडलं म्हणून काढली. कोपऱ्यावरून जाताना कृपा करून खाली बघा.'

"ऱ्हस्वदीर्घ तपासतेस?"

बाईंनी वाचलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळंच." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला पाठीमागची उशी सारखी करू दिली.

चष्मेवाल्यांना वाटलं होतं, लोक चिडतील, जाब विचारतील, नगर कार्यालयावर मोर्चा जाईल. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ब्लॉग उघडला. 'काय कल्पनाशक्ती! अतिवास्तववादाकडे वळलात तर.' 'पाय थोडा जाड आलाय.' 'सर, सकारात्मक काढा ना, सकाळी सकाळी असं बघवत नाही.' सगळ्यात लांब प्रतिसाद शेजारच्या औषधवाल्यांचा होता. कोपऱ्याची विनाकारण बदनामी चालवल्याबद्दल त्यांनी तीव्र निषेध नोंदवला होता.

चष्मेवाले तसेच शेजारी गेले. "अहो, बाईंना वर काढायला तुम्हीच होतात ना?"

"होतो की. कशा आहेत आता?"

"मग खड्डा आहे हे तुम्हाला माहीत आहे."

"आहे ना. मी रोज दोनदा ओलांडतो." औषधवाल्यांनी गोळ्यांची पट्टी कापली. "खड्डा ओलांडता येतो हो. बदनामी कशी ओलांडणार?"

मग चष्मेवाल्यांनी शेवटचा उपाय केला. ज्यावर कागद ताणून ते चित्रं काढत तो दणकट लाकडी फळा त्यांनी घरून आणला आणि खड्ड्यावर टाकला. फळा नेमका बसला. दीड दिवस लोक त्यावरून निवांत ये-जा करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अभियंता टेम्पो घेऊन आले आणि फळा जप्त करून घेऊन गेले. पावतीवर कारण लिहिलं होतं, 'अस्तित्वात असलेल्या झाकणावर विनापरवाना दुसरे झाकण.'

"आता?" घरी चष्मेवाल्यांनी विचारलं.

बाई विचार करत होत्या. मग त्यांना हसू यायला लागलं आणि आवरेना. "त्यांनी तुमचा फळा नेला. ओळखपत्र नेलं का?"

"नाही."

"त्यावर काय लिहिलंय? कामाच्या ठिकाणी बसू द्यावं, असं?"

लिहिलं होतं. तेव्हापासून चष्मेवाले रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की खड्ड्याच्या अगदी काठाशी स्टूल टाकून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, तोच खड्डा काढत बसू लागले. प्लास्टरचा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून बाई शेजारी वह्या तपासायच्या. चित्रकार दिसला की माणूस थबकतो, आणि थबकलेला माणूस खड्ड्यात पडत नाही, एवढा साधा हिशेब होता. दोन आठवड्यांत कोणी पडलं नाही. पाण्याची काळी छटा चष्मेवाल्यांना आता फार छान साधू लागली होती. नवराबायको थर्मासमधून चहा प्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारायचे. इतकी मजा त्यांना चार हजार वाचकांतही आली नव्हती.

एका संध्याकाळी कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले. त्यांनी चष्मेवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी तुमचा नियमित वाचक. एकही लेख सोडलेला नाही. आज प्रत्यक्ष काम बघायला मिळतंय!"

"बघा ना," चष्मेवाले संकोचून म्हणाले. "फक्त जरा..."

"हुबेहूब! पण चित्र असं जवळून बघू नये. त्याला अंतर द्यावं लागतं," गृहस्थ म्हणाले. त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि रसिक माणसं टाकतात तशी दोन पावलं मागे टाकली.

ते कंबरेपर्यंत आत गेले. कुठे मोडलं नाही, पण शर्टाची इस्त्री गेली.

"अहो, इथे खड्डा आहे!" ते आतून ओरडले.

"आहे ना."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"सविस्तर लिहिलं होतं हो," चष्मेवाले त्यांना हात देत म्हणाले. "कोपऱ्यावरून जाताना खाली बघा, असं. तुम्ही वाचलंत ना?"

गृहस्थ क्षणभर आठवत राहिले. "वाचलं असेल... हो, त्याच्या खाली मी 'छान' असं लिहिलंय."

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे वाचलं नाहीत."

"बाई, इतक्या जणांचं इतकं सगळं वाचत बसलं तर 'छान' म्हणायला वेळ कधी मिळणार?" गृहस्थ गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

तुम्ही मात्र ही गोष्ट अगदी इथपर्यंत वाचली आहे, त्यामुळे तुम्ही त्यांच्यातले नाही, असं आम्ही धरून चालतो. गोष्ट छान वाटली असेल तर तसं जरूर कळवा. फक्त ती लांबून कशी दिसते ते बघायला मागे सरकू नका. तुमच्या कोपऱ्यावरचं झाकण तुम्ही शेवटचं कुठे पाहिलं होतं, रस्त्यावर की मोबाईलवर, ते आधी नीट आठवा.